किलोंच्या आधी व्होल्ट

'हाय व्होल्टेज' हे शब्द कानावर पडले की डीपीवरची लाल पाटी डोळ्यांसमोर येते. कवटी, दोन हाडं, '११००० व्होल्ट' आणि खाली 'धोका'. या पुस्तिकेतलं हाय व्होल्टेज मात्र ७.४ व्होल्टांचं, फार तर ८.४. बोट लावलंत तर मुंगी चावल्याइतकंही कळणार नाही. तरी एवढ्याशा व्होल्टेजपायी आमच्या मंडळींनी आजवर जितके सर्वो जाळले, तितक्या पैशांत एक नवी गाडी सहज आली असती. ही पुस्तिका म्हणजे त्या जळालेल्या सर्वोंची टिपणवही आहे म्हणा ना.

आम्ही म्हणजे रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर, जुन्या खाणीच्या बाजूला, रेडिओवर चालणाऱ्या गाड्या धोंड्यांवर चढवणारे पाच-सहा जण. गाड्या बहुतेक १/१० मापाच्या क्रॉलर. वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी, पण कातळ आडवा आला तर इंचाइंचाने चढणाऱ्या. फिरायला आलेले काका थांबतात, दोन मिनिटं बघतात आणि 'केवढ्याला पडली?' असं विचारून पुढे जातात. जे पुढे जात नाहीत, ते महिन्याभरात स्वतःची गाडी घेऊन येतात. मग त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'सर्वो कुठला घेऊ? स्वस्तातला सांगा.' पूर्वी आम्ही लगेच एखादं नाव सांगून टाकायचो. आता उलट विचारतो, 'तुमचा बीईसी किती व्होल्ट देतो, आणि किती अँपिअर?' समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण या उलट प्रश्नाशिवाय कुठलंही नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल विकणं.

ज्यांनी सर्वो हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुमारे ४० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि ४० उंच अशी डबी, वर दातेरी शाफ्ट, खाली तीन वायरी. आत एक इवलीशी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची उतरंड, शाफ्ट किती फिरला हे सांगणारा पोटेन्शियोमीटर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा सर्किट बोर्ड. जुन्या चालीने रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. तिची लांबी १.५ मिलिसेकंद असली तर मध्ये थांब, १ असली तर एका टोकाला जा, २ असली तर दुसऱ्या. बोर्ड सतत ताडून पाहतो: सांगितलंय कुठे, आहे कुठे, आणि फरक संपेपर्यंत मोटर ढकलत राहतो. कल्पना जुनी आहे. जोसेफ फार्को या फ्रेंच इंजिनिअरने वाफेच्या जहाजांचं सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रासाठी 'सर्वोमोटर' हा शब्द घडवला, आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या गुलाम या अर्थाच्या शब्दात आहे. ही गुलामी लक्षात ठेवलेली बरी, कारण हा प्राणी हुकूम पाळता पाळता जळून जातो, पण सोडून देत नाही.

आता व्होल्टेजची गोष्ट. सर्वोच्या खोक्यावर ४.८ आणि ६ हे आकडे वर्षानुवर्षं छापले गेले, त्यामागे निकेलचे सेल होते. एक सेल १.२ व्होल्टांचा, चार लावले की ४.८, पाच लावले की ६. फुताबाचा एस३००३ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा साधा सर्वो घ्या: ४.८ व्होल्टांवर ३.२ किलो-सेंटिमीटर जोर (म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर ३.२ किलो; बोलताना नुसतं 'किलो'), ६ वर ४.१. मग लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आल्या. त्यांचा सेल ३.७ व्होल्टांचा, दोन सेलचे ७.४, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ दुणे ८.४. जुन्या सर्वोला हे झेपेना, म्हणून मध्ये रेग्युलेटर घाला, मग तो गरम होतो, मग त्याला हवा द्या. त्यापेक्षा सर्वोच ८.४ व्होल्ट पचवणारा का करू नये? हाय व्होल्टेज सर्वोचा जन्म एवढ्या साध्या विचारातून झाला.

फायदा दोन वाटांनी होतो, आणि विक्रेते या दोन वाटा हमखास एकमेकींत मिसळतात. पहिली वाट: मोटर तीच ठेवून व्होल्टेज वाढवलं तर जोर आणि वेग दोन्ही साधारण त्याच प्रमाणात वाढतात. ६ व्होल्टांवर २५ किलो देणारा सर्वो ७.४ वर तीस-एकतीसच्या घरात जायला हवा. पण करंटही तेवढाच वाढतो. दुसरी वाट: मोटरची वेटोळीच जास्त व्होल्टेजसाठी गुंडाळलेली असतात, त्यामुळे तेवढंच काम कमी करंटमध्ये होतं, वायरी आणि कनेक्टर कमी तापतात. पहिली वाट फुकटची आहे म्हणून स्वस्त सर्वो बहुतेक त्याच वाटेने जातात. त्यात गैर काही नाही. फक्त हाय व्होल्टेज म्हणजे कमी करंट, असं समजून जुन्याच बीईसीवर नवा सर्वो टांगला की गाडी अडते.

बीईसी म्हणजे मोटर चालवणाऱ्या ईएससीच्या पोटातला छोटा वीजपुरवठा. मोठ्या बॅटरीतून थोडी वीज वळवून तो रिसीव्हरला आणि सर्वोला देतो. गाडीबरोबर येणाऱ्या ईएससीत हा बहुधा ६ व्होल्ट आणि दोन-तीन अँपिअरचा असतो. अलीकडे बऱ्याच ईएससींवर ६ की ७.४ हे निवडायला जंपर असतो किंवा प्रोग्रॅमिंग कार्ड मिळतं. तीन अँपिअर ऐकायला बरे वाटतात, पण ते मोकळ्या चाकांसाठी. चाक धोंड्यात अडकलं, सर्वोने पूर्ण जोर लावला आणि शाफ्ट हलला नाही, तर त्या क्षणाचा करंट हा खरा हिशेब. त्याला स्टॉल करंट म्हणतात.

माझाच किस्सा सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी अठराशे रुपयांना '३५ किलो, हाय व्होल्टेज, वॉटरप्रूफ' असा सर्वो मागवला. घरात फरशीवर चाकं अशी फिरली की मीच खूश. टेकडीवर पहिल्याच चढावर पुढचं चाक दोन धोंड्यांच्या बेचक्यात बसलं. स्टिअरिंग फिरवलं तर चाक हललं नाही, उलट रिसीव्हरचा दिवा लुकलुकला आणि गाडी क्षणभर मेली. पुन्हा जिवंत झाली, पुन्हा फिरवलं, पुन्हा मेली. मी अर्थातच सर्वो बनवणाऱ्याला चार शिव्या हासडल्या. आमच्यातल्या एकाने, हा व्यवसायाने टीव्ही दुरुस्त करतो, पिशवीतून मल्टिमीटर काढला आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावला. चाकं मोकळी असताना ६ व्होल्ट. चाक अडकवून फिरवलं तर आकडा घसरत ४ च्याही खाली. म्हणजे सर्वो वीज मागत होता, बीईसी धापा टाकत होता आणि उपाशी मरत होता तो रिसीव्हर. सर्वो बिचारा निर्दोष होता. निदान त्या गुन्ह्यात.

घरी आल्यावर सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा काढला. सर्वो व्हाइसमध्ये धरला, शाफ्टच्या मध्यापासून बरोबर २ सेंटिमीटरवरच्या भोकात काटा अडकवला आणि एक-दोन सेकंदच ताणला. त्याहून जास्त ताणू नये, मोटर भाजते. ईएससीच्या बीईसीवर काटा ७ किलोपर्यंत गेला, म्हणजे दोन सेंटिमीटरला ७, एक सेंटिमीटरला १४. मग हजारभर रुपयांचा स्वतंत्र बीईसी जोडून ७.४ व्होल्ट दिले. आकडा साडेअकरापर्यंत चढला, म्हणजे २३ किलो. खोक्यावरचे ३५ काही आलेच नाहीत. पण १/१० च्या क्रॉलरला २३ भरपूर झाले. तोच सर्वो आजही गाडीत आहे.

या प्रयोगातून दोन गोष्टी हाताला लागल्या. खोक्यावर लिहिलेल्या किलोंमध्ये मापात पाप असतं, हे आपल्याला मंडईपासून ठाऊकच आहे. पण अर्धं पाप आपल्या गाडीच्या पोटात असतं, आणि ते सर्वो बदलून फिटत नाही. म्हणून या पुस्तिकेचा आग्रह एकच आहे: पैसे मोजके असतील तर ते आधी विजेवर घाला, मग सर्वोवर. १,२०० चा सर्वो आणि १,००० चा बीईसी ही जोडी, फुटक्या बीईसीवर लटकवलेल्या ६,००० च्या सर्वोला टेकडीवर सहज मागे टाकते.

खोकं खरं बोलतंय का, हे काटा न लावताही बरंचसं कळतं. त्यासाठी आम्ही वापरतो तो वहीच्या पाठीमागच्या पानावर करायचा हिशेब असा. खोक्यावरचे किलो घ्या, त्याला ६० अंश फिरायला लागणाऱ्या सेकंदांनी भागा, आलेल्या आकड्याला १० ने भागा. हे झाले वॅट. त्याला व्होल्टांनी भागलं की स्टॉलच्या वेळी किमान किती अँपिअर लागायलाच हवेत ते निघतं. २५ किलो, ०.१४ सेकंद, ७.४ व्होल्ट: सुमारे १८ वॅट, म्हणजे अडीच अँपिअरला थोडं कमी. गिअरमधलं घर्षण धरून प्रत्यक्षात जास्तच. आता '६० किलो, ०.११ सेकंद, ८.४ व्होल्ट, स्टॉल करंट ३ अँपिअर' अशी जाहिरात तपासा. हिशेबाने किमान साडेसहा अँपिअर हवेत. या आकड्यांपैकी एक तरी थाप आहे. कुठला ते शोधत बसण्यात अर्थ नाही, पुढचं खोकं बघा. या हिशेबात जादू काही नाही. मोटर जितकी वीज खाते त्याहून जास्त काम देऊ शकत नाही, एवढंच तो सांगतो. अमेरिकन खोक्यांवर औंस-इंच असतात, त्यांना १३.९ ने भागलं की आपले किलो-सेंटिमीटर मिळतात.

व्होल्टांच्या छपाईतही डोळे उघडे ठेवायला हवेत. '७.४ व्होल्ट' आणि '८.४ व्होल्ट' एकच समजू नका. रेग्युलेटरशिवाय दोन सेलची बॅटरी थेट लावायची असेल, तर सर्वोच्या कागदावर ८.४ हा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. डीएस३२१८ हा २० किलोच्या वर्गातला अतिशय लोकप्रिय सर्वो कागदावर ४.८ ते ६.८ व्होल्टांचा आहे. ६ व्होल्टांवर तो पैसा वसूल करून देतो, पण पूर्ण चार्ज झालेल्या दोन सेलवर थेट लावायचा माल तो नव्हे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रोबोटिक्सच्या पोरांसाठी जो माल येतो, त्यात भरपूर खपणारा एमजी९९६आर हाही याच जुन्या व्होल्टांच्या पिढीतला, ६ व्होल्टांवर ११ किलोचा, आणि त्याच्या नकलांना तर गणती नाही. कॉलेजच्या रोबोच्या हाताला ठीक. धोंड्यावर नेऊ नका.

रोबोटिक्सच्या बाजारातून सर्वो घेताना आणखी एक खड्डा आहे. तोच सर्वो १८० अंशांचा आणि २७० अंशांचा अशा दोन अवतारांत मिळतो, बाहेरून जुळ्या भावांसारखा. आपला रेडिओ साधारण १ ते २ मिलिसेकंदांच्याच पल्स देतो, तर हे सर्वो ०.५ ते २.५ मिलिसेकंदांसाठी आखलेले असतात. त्यामुळे १८० वाला गाडीत ९० अंश फिरतो, म्हणजे हवा तसाच. २७० वाला १३५ फिरतो. स्टिअरिंग चुळबुळं होतं, आणि टोकाला हॉर्न, म्हणजे शाफ्टवर बसणारा दांडा, चॅसीवर आपटतो. आमच्यातल्या एकाने दोन रविवार रेडिओला दोष देण्यात घालवले. ऑर्डर करताना १८० लिहिलंय का, एवढं पाहिलं असतं तर भागलं असतं.

सर्वो आला, बीईसी ७.४ वर ठेवला, आता स्विच दाबायचा? जरा थांबा. रिसीव्हरच्या पाठीतून जाणारी वीज सगळ्या चॅनेलना सारखीच मिळते. फ्लायस्कायच्या एफएस-आयए६ रिसीव्हरची छापील मर्यादा ४ ते ६.५ व्होल्ट आहे. नव्या पिढीचे पुष्कळ रिसीव्हर ८.४ पर्यंत जातात, पण ते कागदावर वाचून ठरवायचं, अंदाजाने नाही. शिवाय दोन गिअर आणि डिफ लॉक असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ मध्ये, स्टिअरिंगच्या सर्वोशेजारी बारके सर्वोही असतात, आणि ते ६ व्होल्टांचे. स्टिअरिंगच्या हौसेपोटी जंपर ७.४ वर सरकवला की ताटात वाढलेलं त्यांनाही खावं लागतं. आमच्यातल्या एकाच्या गाडीत डिफ लॉकचा सर्वो पहिल्याच दुपारी वास सोडून गेला. वाट सोपी आहे: स्टिअरिंग सर्वोच्या प्लगमधली लाल वायर रिसीव्हरपासून वेगळी काढा, ती आणि तिच्यासोबतची काळी स्वतंत्र बीईसीला जोडा, सिग्नलची वायर रिसीव्हरलाच राहू द्या आणि दोन्हीकडची काळी सामाईक ठेवा. मग मोठा सर्वो ७.४ वर जेवतो, बाकीचं गोकुळ ६ वर. वायरिंगची आकृती पुस्तिकेत आहे. बाहेरचा बीईसी घेताना तो किती व्होल्टांवर लावून आलाय तेही बघा. कॅसलचा दहा अँपिअरचा प्रसिद्ध बीईसी कारखान्यातून ५.१ व्होल्टांवर येतो, वाढवायचा तो आपणच. रिसीव्हरला लावायचा कपॅसिटर काही जण रामबाण म्हणून सांगतात. पापणी लवेपर्यंतचा खड्डा तो भरतो, चाक अडकून सर्वो सेकंदभर ताणला की त्याचीही शिदोरी संपते.

बाकीच्या तपशिलांवर पुस्तिकेत प्रकरणं आहेत, इथे पाल्हाळ लावत नाही. गिअर धातूचेच घ्या. शाफ्टचे दाते २५ असलेले बरे, कारण त्या मापाचे ॲल्युमिनियमचे हॉर्न सगळीकडे मिळतात. २३ आणि २४ दात्यांवर ते बसत नाहीत, बसवले तर घसरतात. 'वॉटरप्रूफ' हा शब्द पावसाळी डबक्यापुरता खरा मानावा. कोअरलेस आणि ब्रशलेस मोटर चांगल्याच, पण क्रॉलरला त्यांच्या वेगाचं काय करायचं? तो पैसा ड्रिफ्टवाल्यांनी घालावा, त्यांना ०.०७ सेकंद लागतात. आम्हाला ०.१५ ही चालतं. उड्या मारणाऱ्या १/८ गाड्यांना मात्र ३० च्या आसपास किलो आणि दणका सोसणारा सर्वो सेव्हर, दोन्ही हवेत.

एका गोष्टीवर मात्र थोडं रेंगाळायलाच हवं, कारण स्वस्त सर्वोंचा सर्वात मोठा खून तिथेच होतो. चाक एका बाजूला पूर्ण वळलं, नकल, म्हणजे चाक धरणारा सांधा, एक्सलला टेकला, पण रेडिओ सर्वोला अजून 'फिर' म्हणतोय. सर्वो गुलाम, तो ढकलत राहतो. कान जवळ न्या, बारीक गुणगुण ऐकू येईल. ती गुणगुण म्हणजे स्टॉल करंटचा मोठा हिस्सा, प्रत्येक वळणावर, मिनिटामागून मिनिट. डबी हाताला चटका देऊ लागते आणि महिन्याभरात मालक म्हणतो, 'स्वस्तातला घेतला, गेला.' रेडिओवर एंड पॉइंटचं बटण असतं. चाक टोकाला नेऊन गुणगुण थांबेपर्यंत आकडा कमी करायचा, मग दुसऱ्या बाजूला तेच. पाच मिनिटांचं काम. नवा सर्वो बसवल्यावर हे न करता गाडी खाली ठेवणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवशीचा चहा पाजावा लागतो.

तर मग घ्यावा कुठला? माझं मत विचाराल तर १/१० क्रॉलरला २५ किलोंच्या वर्गातला, १८० अंशांचा, धातूच्या गिअरचा, २५ दात्यांचा आणि कागदावर ८.४ व्होल्ट स्पष्ट लिहिलेला सर्वो, तोही दोन हजारांच्या आत. ३५, ४५, ६० अशा किलोंच्या चढाओढीत पडू नका. पाच-सहा हजारांच्या नामांकित सर्वोत जास्तीचं काय मिळतं, तर नेमकं मध्यावर परतणं, दहाव्या नगाचं पहिल्या नगासारखं असणं आणि दीर्घ आयुष्य. शर्यतीत उतरणाऱ्याने त्यासाठी पैसे जरूर मोजावेत. रविवारी धोंडे चढणाऱ्याने ते पैसे चांगल्या बीईसीत आणि मल्टिमीटरमध्ये घालावेत.

पुस्तिकेतले सगळे आकडे आमच्या काट्यावर आणि आमच्या मीटरवर मोजलेले आहेत. दोन्ही घरगुती, तेव्हा थोडंफार इकडंतिकडं होणार. तुमच्या सर्वोचा आकडा वेगळा आला तर जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत घालू. फक्त किलोंबरोबर मोजताना व्होल्टेज किती होतं तेही लिहा. त्याशिवाय आलेले आकडे आम्ही घेत नाही.